फोनवरची मुलगी

मंगळवार, ४ मार्च

लाडक्या खारूताईला आजीचे पोटभर आशीर्वाद.

सगळ्यात आधी आला तो लांबुळका ड्रायव्हर. त्याच्यामागे पेटी सांभाळत नर्सबाई. आणि त्यांच्यामागे आपल्या वरच्या मजल्यावरच्या शिंपीणबाई, गळ्यात मापाची टेप, पायात दोन वेगळ्या चपला. मी ओट्याखाली वाकून दूध पुसत होते. ड्रायव्हर दारातूनच ओरडला, "आजी, हलू नका! आहात तशाच राहा!" मी म्हटलं, "हलले नाही तर मुंग्या लागतील, त्या काय तुम्ही पुसणार?"

आता तू म्हणशील, अँब्युलन्स माझ्या दारात कशाला. सांगते, पण रागावू नकोस.

तुझा फोन बिघडल्यापासून तुझी पत्रं येतात. मला केवढा आनंद! शिंपीणबाईंच्या मुलाचं तर साधं कार्डसुद्धा येत नाही. पण पत्राला आवाज नसतो गं. त्या दिवशी दूध तापत ठेवलं होतं आणि वाटलं, पोरीचा आवाज ऐकावा. मग डोक्यात आलं, अगं वेडे, तुझी नात दिवसभर बसते कुठे? संकटाच्या नंबरावरच ना! तो तर सगळ्या जगाला पाठ आहे. फिरवला. तिकडून कुणी मुलगा बोलला, "बोला, काय झालंय?" मी म्हटलं, "कुठे काय, माझ्या नातीला द्या." तो म्हणाला, "कुठली नात?" आणि तेवढ्यात दूध वर आलं. मी किंचाळले, पातेलं धरलं, बोट भाजलं, पातेलं धाडकन खाली. रिसीव्हर लोंबकळतोय, तो बिचारा "आजी, आजी" करतोय, आणि मी इकडे पातेल्याला शिव्या घालतेय. पलीकडून उत्तर आलं नाही की गाडी सोडायची, असा नियमच आहे म्हणे.

नर्सबाईंनी बोटाला पट्टी केली आणि मग रागावल्या. हळू आवाजातच, पण रागावल्या. "आजी, तेवढ्या वेळात कुणाचा तरी श्वास अडकला असता आणि त्याला फोन लागला नसता." मी कान पकडले. खरंच चुकलं.

मग चहा केला. बिनदुधाचा, दुसरा कुठून आणणार? ड्रायव्हरचं लक्ष फळीवरच्या तुझ्या फोटोकडे गेलं, कानाला ते यंत्र लावलेला तो. मी म्हटलं, ही माझी नात, तुमच्याच नंबरावर असते. दिवसातून शंभर गाड्या सोडते, आणि प्रत्येकीला म्हणते, "सावकाश जा, पण लवकर पोचा." माझंच वाक्य ते, तू शाळेला निघालीस की मी म्हणायचे. तर तो ताडकन उभाच राहिला. "म्हणजे त्या ताई! आम्ही कधी पाहिलं नाही त्यांना, आवाज मात्र घरातल्यासारखा." नर्सबाईंनी पेटी बंद केली. मग म्हणाल्या, "हल्ली बरेच दिवस आवाज येत नाही त्यांचा."

मी लगेच ओळखलं. बढती! वरच्या खुर्चीत बसलीस ना? आजीला शेवटी सांगणार होतीस, होय की नाही? लहानपणी शेंगदाणे गालात दडवायचीस म्हणून तर तुला खारूताई नाव पडलं. मी शिंपीणबाईंना तिथल्या तिथे सांगून टाकलं. एव्हाना सगळ्या जिन्याला कळलं असेल.

त्यांचं अँब्युलन्सचं ठाणं आपल्याच रस्त्याच्या टोकाला आहे. सोमवारी ड्यूटी संपली की नर्सबाई बोट बघून जाणार आहेत.

तुझी आजी

शनिवार, ८ मार्च

आजी,

बोट कसं आहे ते आधी कळव. आणि तो नंबर पुन्हा फिरवू नकोस. ज्याने तुझा फोन घेतला त्याचा चेहरा पांढरा पडला होता म्हणे. नंतर सगळे हसले, पण आधी नाही.

बढती वगैरे काही नाही. शिंपीणबाईंना सांगून टाक. कान दुखतोय म्हणून मॅडमनी मला थोडे दिवस जुन्या फायलींच्या खोलीत बसवलंय. शांत खोली आहे. तिथे फोन नाही.

काळजी करू नकोस. जेवते. झोपते. घरचा फोन दुरुस्त करायला वेळ होत नाही, तोवर पत्रंच बरी.

नर्सबाई अजून काही बोलल्या का? सहज विचारतेय.

तुझी खारू

मंगळवार, ११ मार्च

खारूताई,

बोट ठणठणीत आहे, ते बाजूला ठेव.

फोन बिघडलाय की कान बिघडलाय, एक काय ते ठरव. घरी फोन नाही, ऑफिसात फोन नाही, आणि तू फोनवाली! मी शाळेत दोनच वर्षं गेले, पण एवढी बेरीज मला येते. आणि "जेवते. झोपते." हे काय? पत्र आहे की डॉक्टरची चिठ्ठी? तू भात करपला तरी मला दोन पानं लिहायचीस.

काल नर्सबाई आल्या. ड्रायव्हरही आला, बोट बघायला दोघं कशाला लागतात कोण जाणे, पण आला आणि सगळी बिस्किटं संपवून बसला. बढती नाही म्हटल्यावर दोघं एकमेकांकडे बघायला लागली. मी म्हटलं, "डोळ्यांनी बोलू नका, मला ऐकू येत नाही."

मग नर्सबाईंनी सांगितलं. फेब्रुवारीत एका घरी गाडी गेली होती. घरात दोघंच म्हातारी. आजोबा जमिनीवर पडलेले, त्यांच्या बाई छाती दाबत होत्या आणि फोन शेजारी जमिनीवर, त्यातून एक मुलगी मोठ्यानं आकडे मोजत होती. एक, दोन, तीन, चार. बाई त्या आकड्यांवर दाबत होत्या. ती मुलगी तू. त्या दिवसापासून तुझा आवाज आला नाही, म्हणाल्या.

आणि ऐक, तो फोन त्यांनीच बंद केला. पायात आला म्हणून उचलला आणि बंद केला. हे सांगताना त्या रिकाम्या कपात चमचा फिरवत होत्या. "मी एक शब्द बोलायला हवा होता, आजी. 'आम्ही पोचलो' एवढं तरी." ड्रायव्हर म्हणाला, "तुमचे दोन्ही हात कामात होते हो." पण त्यांच्या मनातून जात नाही. रोज गाडीत बसल्या की वाटतं म्हणे, आज त्या ताईंचा आवाज येईल.

पुढे काय झालं तेही त्यांनी मला सांगितलं. मी तुला लिहीत नाहीये. तू विचारलंस तरच सांगेन. माझ्यासारख्या बाईला हे किती जड आहे, तुला माहीत आहे. शिंपीणबाईसुद्धा काल दोनदा येऊन गेल्या, मी ओठ शिवून बसले.

आता गालातले शेंगदाणे काढ बघू.

आजी

रविवार, १६ मार्च

आजी,

चार वेळा लिहिलं आणि फाडलं. हे पाचवं.

फोन बिघडलेला नाही. कपाटात, स्वेटरमध्ये गुंडाळून ठेवलाय. वाजला की माझ्या हाताला घाम सुटतो. शेजारच्यांचा वाजला तरी. कानही दुखत नाही. मॅडमना खोटं सांगितलं.

आमचं काम तुला वाटतं तसं नाही गं. तू म्हणतेस दिवसातून शंभर गाड्या सोडते. गाड्या सोडणं सोपं असतं. गाडी पोचेपर्यंत माणूस माझ्या हातात असतो, आणि दार उघडलं की फोन बंद. मग पुढचा फोन. मागच्याचं काय झालं ते आम्हाला कळत नाही. बाळ रडलं का, आग विझली का, काही नाही. इतकी वर्षं मी म्हणायचे, बरंच आहे, डोक्याला ताप नाही. त्या दिवशी मात्र जमलं नाही.

त्या बाई सारख्या विचारत होत्या, "मी बरोबर करतेय ना गं?" मी म्हणत होते, "बरोबर करताय, थांबू नका." त्या दमल्या होत्या. एकदा म्हणाल्या, "आता नाही होत." मी ओरडले त्यांच्यावर. आजी, तुझ्या वयाच्या बाईवर मी ओरडले, "मोजा माझ्याबरोबर!" आणि त्या मोजायला लागल्या. मग दाराचा आवाज आला, आणि काही नाही. पुढचा फोन कुणाच्या तरी हरवलेल्या किल्ल्यांचा होता. मी नीट घेतला. त्याच्या पुढचाही. घरी आले आणि बटाटे चिरताना लक्षात आलं की मी मोजतेय. जिना चढताना मोजतेय. दात घासतानाही.

ऑफिसात एक समुपदेशक बाई येतात, आमच्याशी बोलायलाच. पण त्यांची खोली चहाच्या मशीनसमोर, आणि दार काचेचं. आत कोण बसलंय ते चहा घेणाऱ्या सगळ्यांना दिसतं. म्हणून कुणी जात नाही. बाई एकट्याच बसून विणकाम करतात. त्यांचे चार स्वेटर झाले असतील.

मी राजीनामा लिहून पर्समध्ये ठेवलाय. ज्या बाईला फोन उचलता येत नाही तिने ती खुर्ची अडवू नये, असं मला वाटतं. महिनाअखेर देणार आहे.

पुढचं सांगू नकोस. अजून नको.

खारू

बुधवार, १९ मार्च

माझ्या सोन्या,

तुझं पत्र शिंपीणबाईंच्या समोरच फोडलं आणि मग त्यांना म्हटलं, तुमची इस्त्री चालू राहिली असेल, जा. गेल्या. मी दार लावून तीनदा वाचलं. मोठ्यानं वाचते ना मी, तेव्हा तुझं बोलणं माझ्याच तोंडून ऐकलं. "आता नाही होत" तिथे मला थांबावं लागलं.

राजीनाम्याचं मला कळत नाही. द्यायचा तर दे, शंभर कामं आहेत जगात, मी तुला भाजी निवडायला ठेवीन. पण भिऊन देऊ नकोस. आणि त्या बाईंवर ओरडलीस म्हणून तर देऊच नकोस. मला जर कधी "नाही होत" म्हणायची वेळ आली, तर अशीच कुणीतरी माझ्यावर ओरडायला असू दे.

ह्यात मला दोन गोष्टी करता येण्यासारख्या दिसतात. एक, मोजणं. तुझं डोकं मोजतंय तर मोजू दे, त्याला दटावू नकोस. काहीतरी बरं मोजायला दे. मी जिन्यात मांजरं मोजते. सध्या पाच आहेत, एक बहुतेक पोटुशी आहे, म्हणजे आकडा वाढणार.

दुसरी गोष्ट काचेच्या दाराची. अगं, एवढी शिकलेली तुम्ही माणसं, जळणाऱ्या घरातून माणसं बाहेर काढता, आणि एका दाराला पडदा लावायचं कुणाला सुचलं नाही? मी शिंपीणबाईंना गाठलं. तुझं काही सांगितलं नाही, एवढंच म्हटलं की नातीच्या ऑफिसात दार उघडं पडतं. त्यांनी हिरव्या कापडाचा तुकडा काढला, त्यावर पिवळी बदकं आहेत. कुणी दवाखान्यासाठी शिवायला टाकलं होतं आणि न्यायला आलंच नाही. मी म्हटलं, बदकं कशी दिसतील हो? त्या म्हणाल्या, "बदकांकडे बघून कुणी आत कोण आहे ते विचारणार नाही." बाई हुशार आहे, चपला वेगळ्या घातल्या म्हणून काय झालं. पार्सल सोबत पाठवतेय. वर दोरी ओवायला जागा ठेवली आहे.

नर्सबाईंना मी विचारलं, तुम्ही कुणाशी बोलता? तर त्यांच्या ठाण्यावर रीत आहे. जड काम करून आले की गाडी धुवायची, आणि गाडी धुवून होईपर्यंत कुणी घरी जायचं नाही. पाणी मारता मारता एकेक जण बोलतो. कधी कधी गाडी स्वच्छ असते तरी धुतात. "पण ताई तिकडे एकट्या असतात," ड्रायव्हर म्हणाला, "त्यांना धुवायला गाडीच नाही." तो हे एवढ्या दुःखानं बोलला की मी त्याला शेवटचं बिस्किट दिलं.

ओठ अजून शिवलेले आहेत. टाके दुखतात, पण आहेत.

तुझी आजी

शुक्रवार, २८ मार्च

आजी,

पडदा लागला.

कसा ते सांगते. पार्सल घेऊन मी मॅडमच्या केबिनमध्ये गेले. दुसऱ्या हातात पर्स, पर्समध्ये राजीनामा. आधी काय काढायचं ते ठरत नव्हतं. मॅडमनी पार्सलच ओढून घेतलं, उघडलं, आणि बदकांकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, "हे कुणाचं काम?" मी म्हटलं, "आजीचं." त्या म्हणाल्या, "दूधवाल्या आजी?" म्हणजे तू इथे सगळ्यांना माहीत आहेस.

मग मी बोलले. कान दुखत नाही हे सांगितलं. मला वाटलं चिडतील. त्या म्हणाल्या, "मला माहीत होतं. मीही एकदा दात दुखतोय म्हणून पंधरवडा काढला होता." मग स्टूल मागवलं, स्वतः वर चढल्या, आणि सगळे चहा घेत असताना तो पडदा बांधला. बांधून झाल्यावर खाली उतरल्या आणि त्याच पहिल्या आत गेल्या. बराच वेळ होत्या. बाहेर आल्या तेव्हा डोळे लाल होते आणि कुणाकडेही न बघता म्हणाल्या, "पुढचं कोण?" सगळे आपापल्या कपात बघायला लागले. मग तुझा फोन ज्याने घेतला होता तो मुलगा उठला. आजी, त्यालाही त्या दिवसापासून पातेल्याचा आवाज आला की धस्स होतं म्हणे. मी तिसरी.

बाई विणत होत्या, विणणं थांबवलं नाही, ते मला बरं वाटलं. मी तुझी मांजरं त्यांना सांगितली. दर आठवड्याला जायचं ठरलंय.

आणि काल मी फोनवर बसले. एकटी नाही. नवी मुलं शिकायला येतात तेव्हा जुन्या माणसाशेजारी बसून दुसऱ्या हेडफोनवर ऐकतात. मॅडम म्हणाल्या, उलटं करू. तू घे, मी शेजारी बसून ऐकते. वाजला तेव्हा हात ओला झाला. मॅडमनी खुर्ची जवळ सरकवली. एका माणसाच्या कढईतल्या तेलानं पेट घेतला होता. मी म्हटलं, गॅस बंद करा, झाकण ठेवा, पाणी अजिबात नको. तो म्हणाला, "ठेवलं." मग म्हणाला, "विझलं हो." आजी, "विझलं हो" एवढं ऐकायला मिळालं मला! मी त्याचे आभार मानले. तो गोंधळला.

राजीनामा पर्समध्येच आहे. फाडला नाही, खोटं कशाला सांगू. पण महिनाअखेर देत नाही.

आता ते. तू ओठ शिवून बसलीस ना, त्यातच मला कळलं. चांगली बातमी तुझ्या पोटात एक दिवसही राहिली नसती, तू पहिल्याच पत्रात मोठ्या अक्षरात लिहिली असतीस. ते आजोबा गेले. होय ना? मला हे समजलं त्या संध्याकाळी मी खूप रडले, आणि मग जेवले. कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले. वाईट असला तरी तो शेवट होता, आजी. माझ्या डोक्यात तो फोन अजून चालूच होता.

नर्सबाईंना सांग, त्यांनी फोन बंद केला ते मला माहीत नव्हतं, पण आता कळल्यावर बरं वाटतंय. फोन आपोआप तुटला नव्हता, कुणाचा तरी हात होता तो. आणि विचार, मला भेटतील का? मला पुढे काही कळायचं असेल तर ते त्यांच्याकडून.

खारू

सोमवार, ३१ मार्च

माझी शहाणी खारूताई,

होय गं. गेले ते. दवाखान्यात पोचून गेले, त्यांच्या बाई शेजारी होत्या, हात हातात होता. तू ओळखलंस, माझे टाके सुटले. हलकी झाले.

आज पाहुण्यांनी घर भरलं होतं. तुझ्या पत्रातला त्यांच्यापुरता भाग मी मोठ्यानं वाचला. नर्सबाई उठून खिडकीशी गेल्या, म्हणाल्या डोळ्यात काहीतरी गेलं. ड्रायव्हर म्हणाला, "माझ्याही." शिंपीणबाईंना तर काय झालंय तेच माहीत नव्हतं, त्याही रडल्या, मागे कशाला राहायचं म्हणून. आणि बदकांचं ऐकून इतक्या फुलल्या आहेत की तुझ्या मॅडमना उशांचे अभ्रे पाठवायचं म्हणतात. मी थांबवून धरलंय.

नर्सबाई तुला भेटायला एका पायावर तयार आहेत. बाकीचं सगळं त्या तुला स्वतः सांगणार, मी मध्ये तोंड घालायचं नाही असं बजावलंय. पण एक गोष्ट लिहायची परवानगी मी भांडून मिळवली.

त्या बाई नंतर ठाण्यावर येऊन गेल्या. सगळ्यांचे आभार मानले. आणि निघताना नर्सबाईंना बाजूला घेऊन विचारलं, "ती फोनवरची मुलगी. केवढ्यानं मोजत होती हो, घसा कोरडा पडला असेल. तिला कुणी पाणी दिलं का?"

नर्सबाई म्हणाल्या, विचारून कळवते. तेच त्यांना तुझ्याकडून हवंय, त्या बाईंना कळवायला. म्हणून हे पत्र वाचून झालं की ऊठ, पेलाभर पाणी पी, आणि मग पुढचं वाच.

प्यायलीस? बरं.

मांजर व्यायली, आता आकडा नऊ. मोजायला तुला पुरतील.

तुझी सुट्टी बुधवारी असते ते मी ड्रायव्हरला सांगितलं. त्यानं भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट ठेवलं, नर्सबाईंनी मान हलवली, शिंपीणबाईंना कुणी विचारलं नव्हतं तरी त्याही हो म्हणाल्या. येत्या नाही, त्याच्या पुढच्या बुधवारी, ९ तारखेला, दुपारी चार वाजता सगळे परत येणार आहेत. सावकाश ये, पण लवकर पोच.

आजी